सैन्यातल्या नव्या धर्मगुरूंना खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय एकात्मता संस्था, पुणे इथे शिकत असलेले आणि शिकून आपापल्या पलटणीकडे निघालेले सर्व धर्मगुरू, भारतीय सेना

साहेब, आपणा सर्वांना राम राम, सत् श्री अकाल, अस्सलाम आलेकुम, जय ख्रिस्त, नमो बुद्धाय.

आमच्या भावकीतला एक मुलगा संस्कृत घेऊन पदवीधर झाला. सैन्यात पंडित म्हणून जायचं त्याच्या मनात आहे, म्हणून भरतीची जाहिरात घेऊन तो माझ्याकडे आला. वय किती लागतं, छाती किती लागते, हे त्यानं पाठ केलं होतं. कामाचा परिच्छेद मात्र त्यानं वाचलाच नव्हता. मी चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखवला. जवानांना धर्मोपदेश करणं, अंत्यसंस्काराला हजर राहणं, इस्पितळातल्या आजाऱ्यांकडे जाणं, बरे होत असलेल्यांसोबत प्रार्थना म्हणणं, शिक्षा भोगत असलेल्या जवानांना भेटणं, मुलांना धर्माचं शिक्षण देणं. पोरगं म्हणालं, "काका, म्हणजे मंदिर एवढंच नाही?"

नाही. आणि हेच तुम्हा सगळ्यांना सांगावं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. पट्टी, सुई, बेडपॅन आणि रात्रपाळी यांत नोकरी गेली. मंदिर परेडच्या दिवशी पलटणीचे प्रमुख सीओ साहेब पुढच्या रांगेत बसलेत आणि पंडितजींचा आवाज स्पीकरवरून घुमतोय, अशी तुमची रूपं सगळ्यांनी पाहिली. मी तुम्हाला खाटेच्या बाजूनं पाहिलं. तिथं स्पीकर नसतो आणि आरतीची थाळीही कामाला येत नाही.

दोन माणसं सांगतो. नावं सांगत नाही. एक होते, ते मंगळवारी प्रसाद घेऊन यायचे आणि वॉर्डच्या दारात उभं राहून प्रत्येकाच्या हातावर ठेवून निघून जायचे. आत यायचे नाहीत. वास यायचा, कबूल आहे. हिमदंशानं काळी पडलेली बोटं आणि भाजलेली कातडी यांचा वास नाकातून महिनाभर जात नाही. दुसरे एक ग्रंथीजी होते. दोन्ही हात बँडेजमध्ये गुंडाळलेला एक तमिळ पोरगा आमच्याकडे होता. ग्रंथीजींना तमिळ येत नव्हतं आणि पोराला पंजाबी. संध्याकाळच्या जेवणाला ते यायचे, स्टूल ओढायचे, रोटी डाळीत कुस्करायचे, चमचा आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून डाळ गरम तर नाही ना ते बघायचे आणि मग घास द्यायचे. पोराचं चावून होईपर्यंत थांबायचे. घाई नाही, उपदेश नाही. माझ्या हाताखालचे वॉर्डबॉयसुद्धा इतक्या निगुतीनं भरवत नसत.

या दुसऱ्या जातीच्या धर्मगुरूंची गोष्ट मला सांगायची आहे. त्यासाठी एका अमेरिकन कॅथलिक पाद्र्याकडे जावं लागतंय. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, तेव्हा मी कुणाचा प्रचार करत असेन अशी शंका नसावी. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट हात जोडतो, दुसरा भुवया उंचावतो. दोन्ही तटांना थोडा वेळ बाजूला बसवून ऐका.

व्हिन्सेंट कपोडानो. जन्म १३ फेब्रुवारी १९२९, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर. इटलीहून आलेल्या मोठ्या कुटुंबातलं हे शेंडेफळ. दहा वर्षांचा असताना वडील गेले. शाळा संपल्यावर विमा कंपनीत कारकुनी धरली आणि रात्रीच्या वर्गाला फोर्डहॅम विद्यापीठात जायला लागला. असं चाकोरीतलं आयुष्य चाललेलं असताना १९४९ साली तो मेरीनॉल या संस्थेत दाखल झाला. परदेशी जाऊन काम करणारे पाद्री तयार करणारी ही अमेरिकन कॅथलिक संस्था. तिथं नऊ वर्षं काढली आणि जून १९५८ मध्ये त्याला दीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी तैवान.

तैवानमध्ये त्याला हक्का लोकांमध्ये पाठवलं. डोंगराळ मुलूख आणि गरीब शेतकरी वस्ती. हक्का ही सुरांवर चालणारी भाषा, म्हणजे तोच उच्चार चढा केला की एक अर्थ आणि उतरता केला की दुसरा. तिशीला आलेल्या माणसाला अशी भाषा नव्यानं शिकायची म्हणजे काय, हे ज्याची पलटण एकदम नागालँडला किंवा तमिळनाडूला गेली आहे त्याला विचारा. कपोडानोला ती भाषा जड गेली. तरी सहा वर्षं तो तिथं राहिला, मुलांना शिकवलं, लोकांच्या दुखण्याखुपण्याला धावला. मग संस्थेनं त्याची बदली हाँगकाँगला शाळेत शिकवायला केली. त्याला ती पटली नाही. त्यानं लष्करात पाद्री म्हणून जाण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. डिसेंबर १९६५ मध्ये तो अमेरिकन नौदलात लेफ्टनंट झाला. तिकडे मरीन पायदळाला पाद्री नौदलाकडून मिळतात आणि जखमींची शुश्रूषा करणारे कोअरमनही नौदलाचेच असतात. एप्रिल १९६६ मध्ये तो व्हिएतनाममध्ये उतरला.

त्याचं चरित्र सांगणारे लोक बहुधा इथून सुरुवात करतात, कारण गोळीबार इथं सुरू होतो. मला तैवानची ती सहा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. ज्या गावात आपण उपरे आहोत, बोलताना चुकतो, पोरंटोरं हसतात, तिथं माणूस एक तर चिडतो नाही तर ऐकायला शिकतो. कपोडानो ऐकायला शिकला असावा. कारण व्हिएतनाममध्ये त्याच्यासोबत राहिलेले मरीन पुढं त्याच्याबद्दल जे सांगत आले, त्यात त्याच्या प्रवचनांची आठवण फारशी नाही. तो रात्री खंदकात येऊन शेजारी बसायचा, सिगारेट पुढं करायचा आणि समोरच्याचं ऐकून घ्यायचा, हे मात्र सगळे सांगतात.

सिगारेटवरून कुणी नाक मुरडू नका. तो स्वतः दणकून ओढायचा आणि घरून आलेल्या सिगारेटी, गोळ्या-चॉकलेटं वाटून टाकायचा. जेवणाच्या रांगेत शेवटी उभा राहायचा. अधिकाऱ्याचा दर्जा होता, पण राहणं-खाणं सगळं साध्या शिपायासारखं. ज्या कंपनीची गाठ शत्रूशी पडण्याची शक्यता जास्त, तिच्यासोबत निघायचं, हा त्याचा शिरस्ता. हत्यार जवळ नसायचं. पायदळातले शिपाई स्वतःला ग्रंट म्हणवतात, म्हणून यालाही त्यांनी ग्रंट पाद्री म्हणायला सुरुवात केली. असं नाव वरून मिळत नाही साहेब, ते पोरंच देतात, आणि पोरं किती कडक परीक्षक असतात ते तुम्हाला पहिल्याच महिन्यात कळेल.

वर्ष संपलं. त्यानं मुक्काम सहा महिन्यांनी वाढवून घेतला. तोही संपत आला तेव्हा त्यानं पुन्हा लेखी विनंती केली, की नाताळ आणि नवं वर्ष माझ्या पोरांसोबत काढू द्या, त्यापायी माझी महिन्याभराची रजा गेली तरी चालेल. रजा सोडणारा माणूस सैन्यात किती दुर्मीळ असतो, हे वेगळं सांगायला नको.

४ सप्टेंबर १९६७. क्वे सन खोरं. पहाटे उत्तर व्हिएतनामी सैन्यानं मरीनच्या एका कंपनीवर हल्ला चढवला, तिच्या मदतीला दुसऱ्या कंपन्या धाडल्या, आणि दुपारी त्या मदतीला निघालेल्यांनाच मोठ्या फौजेनं घेरलं. कपोडानो तिसऱ्या बटालियनच्या माईक कंपनीसोबत होता. कंपनीच्या मुख्य ठाण्यात त्या मानानं आडोसा होता. वायरलेसवर ऐकू आलं की कंपनीची दोन नंबरची प्लाटून आता टिकत नाही. कपोडानो आडोसा सोडून उघड्या माळावरून गोळ्यांच्या माऱ्यात पळत तिकडे गेला.

तिथं तो एका जखमीकडून दुसऱ्याकडे जात राहिला. कॅथलिक असेल त्याला मरणापूर्वीचा शेवटचा विधी, नसेल त्याला हात धरून दोन शब्द. अश्रुधूर वापरला गेला होता आणि सगळ्यांकडे मास्क नव्हते. त्यानं आपला मास्क एका शिपायाला दिला. एक तोफगोळा जवळ फुटला. त्याच्या हातापायांना अनेक जखमा झाल्या आणि उजव्या हाताचा काही भाग तुटला. कोअरमन त्याच्याकडे धावले तर यानं पट्टी करून घ्यायला नकार दिला आणि त्यांना दुसऱ्या जखमींकडे वळवलं. मेडल ऑफ ऑनर या पदकाच्या मानपत्रात या जखमा आणि हा नकार नमूद आहे.

माझ्या धंद्याच्या दृष्टीनं इथं जरा थांबतो. हात तुटलेला माणूस स्वतःला मागं ठेवा म्हणतो, तेव्हा नर्सिंग असिस्टंटनं त्याचं ऐकायचं नसतं. रक्त आधी थांबवायचं असतं. पण त्या माळावर कोअरमन मोजके, ड्रेसिंग मोजकी आणि पडलेले खूप. कुणाला आधी बघायचं हा निर्णय अशा वेळी सगळ्यात अवघड. पाद्र्यानं स्वतःपुरता तो निर्णय घेऊन टाकला आणि त्या पोरांच्या डोक्यावरचं तेवढं ओझं कमी केलं. हे मला त्याच्या धावण्याहूनही मोठं वाटतं. धावताना विचाराला वेळ नसतो. पट्टी नको म्हणताना तो असतो.

त्यानंतर त्याला दिसलं की एक कोअरमन जखमी होऊन मशिनगनच्या थेट माऱ्यात पडला आहे. ती मशिनगन साधारण १५ यार्डांवर. कपोडानो तशाच अवस्थेत त्याच्याकडे झेपावला आणि त्याच्यापाशी पोचता पोचताच त्या मशिनगनच्या फैरीत संपला. तो कोअरमन होता आर्मांडो लील, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा. तोही वाचला नाही. त्यानं त्या दिवशी जखमींसाठी जे केलं त्यासाठी त्याला मरणोत्तर नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. कपोडानोचं नाव घेताना लीलचं नाव गळतं. माझ्याकडून ते गळू नये, इतकं तरी मी माझ्या कोअरचं देणं लागतो.

जानेवारी १९६९ मध्ये कपोडानोला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर देण्यात आलं. आपल्या परमवीर चक्राच्या तोडीचं ते पदक. १९७३ मध्ये त्याच्या नावाची युद्धनौका नौदलात आली, पुढं ती तुर्कस्तानला गेली. २००६ मध्ये कॅथलिक चर्चनं त्याला संतपदाच्या वाटेवरच्या पहिल्या पायरीवर ठेवलं. हे सगळं नंतरचं. त्याबद्दल मला फार बोलायचं नाही.

आता तुमच्यापैकी कुणी तरी म्हणेलच, आणि म्हणावंच, की अहो, पण ते युद्ध कसलं होतं? दुसऱ्याच्या देशात जाऊन लढलेलं. त्या खोऱ्यात त्या मोहिमेत शंभराहून अधिक अमेरिकन मेले आणि समोरची माणसं त्याहून कितीतरी जास्त मेली. गावं जळाली ती वेगळीच. अशा सैन्यासोबत धर्मगुरूनं जायचं म्हणजे बंदुकीला गंध लावण्यासारखंच नाही का?

प्रश्न खरा आहे आणि तो कपोडानोच्या पदकानं मिटत नाही. मी त्याला माझ्यापुरतं एवढंच उत्तर देतो, की अठरा-एकोणीस वर्षांचं जे पोरगं तिथं चिखलात पडलं होतं, त्यानं ते युद्ध ठरवलं नव्हतं. ठरवणारे वॉशिंग्टनमध्ये होते. पाद्री ठरवणाऱ्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला असता तर त्याच्याबद्दल मी एक ओळ लिहिली नसती. तो पडणाऱ्यांच्या शेजारी गेला. तुमच्यापुढंही ही निवड रोज येणार आहे, युद्ध असो नसो. सीओ साहेबांच्या खुर्चीजवळची जागा आणि एमआय रूमच्या, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याच्या, बाकावरची जागा यांत अंतर फार नसतं, पण माणूस एकीकडे बसायला लागला की दुसरीकडे जायचं विसरतो.

आणखी एक नाव घेतो, एमिल कापोन. कॅन्ससमधल्या पिल्सन नावाच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९१६ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला १९४५-४६ मध्ये तो ब्रह्मदेश आणि भारतात अमेरिकन सैन्याचा पाद्री होता, म्हणजे आपल्या मातीला त्याचे पाय लागलेले आहेत. पण त्याचं नाव झालं ते कोरियात. नोव्हेंबर १९५० मध्ये उनसानला त्याची पलटण चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडली. निसटायची संधी असताना तो जखमींपाशी थांबला आणि पकडला गेला. हर्बर्ट मिलर नावाचा सार्जंट पाय मोडून खड्ड्यात पडला होता आणि एक चिनी शिपाई त्याच्या डोक्याशी रायफल लावून उभा होता. कापोन चालत गेला, त्या शिपायाची रायफल बाजूला सारली, मिलरला उचलला आणि चालू लागला. शिपाई बघत राहिला. मिलर पुढं म्हातारा होईपर्यंत जगला.

कैदेत, यालू नदीकाठच्या प्योकतोंगच्या छावणीत, या पाद्र्यानं काय केलं ते तुमच्या अभ्यासक्रमात असावं असं मला फार वाटतं. नसेल तर घाला. त्यानं मोडक्या छपराचा पत्रा दगडानं ठोकून भांडी केली आणि त्यांत बर्फ वितळवून पाणी उकळलं, कारण छावणीत हगवण पसरली होती. उकळलेलं पाणी! कोणत्याही मंत्रानं वाचली नसती इतकी माणसं त्या पाण्यानं वाचली असतील. हगवणीनं भरलेले कपडे तो धुवायचा, ज्यांच्यात हात उचलायची ताकद नव्हती त्यांच्या अंगावरच्या उवा वेचायचा. रात्री गुपचूप जाऊन धान्य चोरायचा, आणि चोरीला निघण्याआधी, येशूसोबत क्रुसावर गेलेल्या त्या भल्या चोराची, संत डिस्मसची प्रार्थना करायचा. हा भाग वाचताना मला दर वेळी हसू येतं. आपल्याकडे लोणी चोरणाऱ्या देवाला रोज नैवेद्य दाखवतात, तेव्हा यात आपल्याला अवघड वाटण्यासारखं काही नाही.

१९५१ च्या ईस्टरला त्यानं कैद्यांना जमवून उघड्यावर प्रार्थना केली. २३ मे १९५१ रोजी तो त्याच छावणीत गेला. वय ३५. तो गेल्यावर काही काळानं जेराल्ड फिंक नावाचा एक ज्यू वैमानिक त्या छावणीत आला. त्यानं कापोनला कधी पाहिलंही नव्हतं, पण कैद्यांच्या तोंडून इतकं ऐकलं की त्याच्या आठवणीसाठी त्यानं जळाऊ लाकडातून क्रूसावरचा येशू कोरला. ज्यू माणसानं. सुटकेच्या वेळी कैद्यांनी तो क्रूस सोबत बाहेर आणला. कापोनला मेडल ऑफ ऑनर मिळायला २०१३ साल उजाडलं आणि त्याचे अवशेष ओळखले गेले २०२१ मध्ये.

कोरियाच्या कैद्यांचं म्हणाल तर त्या गोष्टीत आपला एक माणूस आहे. १९५३ च्या तहानंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक कैद्यांना सांभाळायला भारतानं फौज पाठवली, तिचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरकडचे. चिडलेल्या, घाबरलेल्या आणि एकमेकांच्या जिवावर उठलेल्या हजारो कैद्यांना महिनोन्‌महिने सांभाळणं हे काम सोपं नव्हतं. पण ती वेगळी कथा आहे, तिला वेगळं पत्र लागेल.

धर्मगुरू शूर असू शकतो, हे सरकारांच्याही डोक्यात फार उशिरा शिरलं. ११ डिसेंबर १८७९ रोजी काबूलजवळ किल्ला काझीला रेव्हरंड जेम्स अॅडम्स हा बंगाल धर्मखात्याचा पाद्री घोड्यावरून उतरून कमरेएवढ्या पाण्याच्या नाल्यात शिरला आणि नवव्या लान्सर्स या घोडदळाच्या शिपायांवर पडलेले घोडे ओढून त्यानं ती माणसं बाहेर काढली. अफगाण काही पावलांवर होते. त्याचा स्वतःचा घोडा तेवढ्यात निघून गेला आणि त्याला पायी पळावं लागलं. व्हिक्टोरिया क्रॉसची शिफारस झाली, तेव्हा लक्षात आलं की धर्मखात्याचा माणूस त्या पदकाच्या नियमात बसतच नाही. शेवटी ऑगस्ट १८८१ मध्ये नियम बदलला आणि मग पदक दिलं. ते युद्धही इंग्रजांनी लादलेलंच होतं, हे विसरून चालणार नाही. पण चेंगरलेल्या माणसावरून घोडा काढणं हे कुठल्याही युद्धात योग्यच असतं.

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही नायब सुभेदार म्हणून पलटणीत जाल. जवान सॅल्यूट करतील, साहेब म्हणतील. बडा खान्याला, म्हणजे पलटणीच्या एकत्र जेवणाला, मानाची जागा मिळेल. अनेक ठिकाणी एकाच छताखाली मंदिर, गुरुद्वारा, मशीद, चर्च असं सर्व धर्म स्थल असेल आणि धर्मगुरू एकटे तुम्हीच असाल. त्या वेळी पंडितजींना ईदची नमाज होईल अशी व्यवस्था बघावी लागेल आणि मौलवी साहेबांना एखाद्या हिंदू जवानाच्या पार्थिवाशी उभं राहावं लागेल. आपल्या सैन्यात हे वर्षानुवर्षं चालत आलंय, आणि बाहेरच्या जगात माणसं ज्यावरून डोकी फोडतात ते आपल्याकडे ड्युटी म्हणून शांतपणे पार पडतं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पण त्या अभिमानाच्या जिवावर बसून राहू नका. काही कामं सांगतो, वयाच्या अधिकारानं.

पलटणीत पोचल्यावर एमआय रूममधल्या नर्सिंग असिस्टंटशी आधी ओळख करा. सकाळी आजारी जवान तपासणीला येतात त्या सिक रिपोर्टच्या वेळी बाकावर कोण कोण वरचेवर येऊन बसतं ते त्याला ठाऊक असतं. ज्याला खरं तर पोटाचं काही नाही पण तो तिसऱ्यांदा पोट दुखतंय म्हणून आलाय, त्याच्या घरी काही तरी बिनसलेलं असतं. डॉक्टर साहेबांना गोळी द्यायची असते, सुभेदार मेजर साहेबांना ड्युटी भरायची असते. त्याच्याशेजारी बसायला मोकळा माणूस म्हणजे तुम्ही. जमिनीचा वाद, बायकोचं बाळंतपण, कर्ज, भावानं परस्पर केलेली वाटणी, असं सगळं तिथं बाहेर पडतं. ऐकून घ्या आणि पोटात ठेवा. एकदा का धर्मगुरूंना सांगितलेलं संध्याकाळपर्यंत कंपनीच्या लंगरात पोचतं असं कळलं, की तुमच्याकडे पुन्हा कुणी येणार नाही. मग तुम्ही कितीही सुरेल आरती म्हणा.

क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पलटणीच्या कोठडीत, शिक्षा भोगणाऱ्याला भेटायला जा. जाहिरातीत लिहिलंय म्हणून तरी जा. त्याला भेटायला दुसरं कुणी येत नाही.

फर्स्ट फील्ड ड्रेसिंग, म्हणजे जखमेवरची पहिली पट्टी, बांधायला आणि टूर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, आवळायला शिका. पूजेच्या सामानात ते बसत नाही, मान्य. पण कपोडानोच्या त्या माळावर एक जरी कोअरमन जास्त असता, तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करतो. पंडिताच्या हातून टूर्निके आवळलं गेलं म्हणून कुणाचं सोवळं बिघडत नाही.

आणि एक विनंती संस्थेच्या कमांडंट साहेबांना. साहेब, तुमच्या इथून खडकी फार लांब नाही. तिथं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला मार लागून कमरेखालचं, काहींचं मानेखालचं शरीर निकामी झालेले आपले जवान तिथं राहतात. काही कित्येक वर्षं राहताहेत. या धर्मगुरूंचं प्रशिक्षण चालू आहे तोवर त्यांना एकेका रविवारी तिथं पाठवा. कार्यक्रम नको, सतरंजी-माईक नको, भाषण तर नकोच. दोघादोघांनी जावं, सेंटरला आधी फोन करून भेटीची वेळ विचारून घ्यावी, कारण त्यांच्या फिजिओथेरपीच्या आणि जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात. उभं राहून बोलू नये, व्हीलचेअरवरच्या माणसाला मान वर करून बोलावं लागतं. खुर्ची घेऊन समोर बसावं. बुद्धिबळ येत असेल तर उत्तम. नसेल तर तिथं शिकवणारे भेटतील.

आपला,
एक निवृत्त नर्सिंग असिस्टंट, आर्मी मेडिकल कोअर
जिल्हा सातारा